सड्यावरचं आटतं पाणी

मे महिन्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या एखाद्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, गेलं, तर काळपट कातळ आणि वाळकं गवत यापलीकडे फारसं काही दिसत नाही. ‘पडीक’ म्हणून अशी जमीन सहज बाजूला टाकली जाते. पाऊस लागला की याच कातळावरचे खळगे भरतात आणि काही दिवसांतच त्यांत बारीक जीव वळवळू लागतात. त्यांतले कित्येक बाहेरून आलेले नसतात. उन्हाळाभर ते तळाच्या वाळक्या गाळात अंड्यांच्या रूपात पडून होते.

हा कातळ जांभ्याचा. उष्ण, दमट हवेत मूळ खडक दीर्घकाळ झिजत गेला, पाण्याने त्यातली सिलिका वाहून नेली आणि लोह व ॲल्युमिनियमची संयुगं मागे राहिली. त्यांचं वर टणक कवच बनलं. त्यावर माती जेमतेम, तीही खोलगट जागी. काही पाणी खळग्यांत साचतं आणि भेगांतून शिरलेलं खाली मुरतं. जांभ्याखाली चिकणमातीचा थर लागला की ते तिथे अडतं आणि उतारावर झऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. सड्याखालच्या वाड्यांच्या विहिरींना या मुरलेल्या पाण्याचा आधार असतो.

खळग्यांतल्या जिवांपैकी फेअरी श्रिम्प हा कोळंबीचा दूरचा नातलग. बोटाच्या पेरापेक्षा फारसा मोठा नसलेला हा प्राणी उताणा पोहतो. पाणी आटायच्या आत वाढायचं आणि अंडी घालायची, एवढीच मुदत त्याच्या हाती असते. त्याची अंडी कोरड्या गाळात वर्षानुवर्षं टिकू शकतात. विशेष म्हणजे पाणी लागलं तरी सगळी अंडी एकदम फुटत नाहीत. मृगाच्या सरी पडून पावसाने ओढ दिली, तर शेतकऱ्यावर दुबार पेरणीची वेळ येते. तशा वेळी या प्राण्याचं बियाणं गाळात शिल्लकच असतं. याच गटातल्या एका प्रजातीचं 2014 मध्ये सह्याद्रीवरून नामकरण झालं: स्ट्रेप्टोसेफॅलस सह्याद्रिएन्सिस.

अशा संथ, उघड्यावर पोहणाऱ्या प्राण्याला मासे सहज फस्त करतील. पण दरवर्षी कोरड्या पडणाऱ्या खळग्यात मासे टिकत नाहीत. म्हणजे डबकं आटतं हीच त्याची सुरक्षितता. आंबोलीच्या जांभ्यावर राहणारा झँथोफ्रिन टायग्रिना हा भेकही पावसाळ्याच्या सुरुवातीला अशाच उथळ पाण्यात अंडी घालतो. 2009 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याचं वर्णन केलं. आज तो अतिसंकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे.

वनस्पतींची अडचण वेगळी. पातळ मातीतला नायट्रोजन पावसात धुऊन जातो, म्हणून काहींनी शिकारीचा मार्ग धरला. दवबिंदू ही वनस्पती पानांवरच्या चिकट थेंबांत कीटक पकडते. सीतेची आसवं या नाजूक निळ्या-जांभळ्या फुलांच्या वनस्पतीचे सापळे मात्र ओल्या मातीत दडलेले असतात. असा प्रत्येक सापळा म्हणजे एक सूक्ष्म पिशवी; ती आतलं पाणी बाहेर टाकून ताणलेली राहते. दारावरच्या केसाला एखाद्या जिवाचा धक्का लागला की दार उघडतं आणि पाण्यासकट तो जीव आत ओढला जातो. हे सारं क्षणार्धात घडतं.

चिरेखाणींमुळे किंवा बागेसाठी लावलेल्या सुरुंगांमुळे सड्याचं होणारं नुकसान डोळ्यांना दिसतं. चांगल्या हेतूने झालेलं नुकसान लक्षात येत नाही. खळगा खोदून बारमाही केला किंवा डासांवर उपाय म्हणून त्यात गप्पी मासे सोडले, तर वरकरणी पाणी वाढलेलं आणि जागा सुधारलेली वाटते. पण कोरड्या काळावर बेतलेली तिथली सारी व्यवस्था मोडते. पाणी अडवणं, जिरवणं आपण शिकलो. सड्यावर त्याला वेळेवर आटू देणंही तितकंच गरजेचं आहे.