गावाचा पंच : अधिकार आणि उत्तरदायित्व

गोवा मुक्त झाल्यानंतर १९६२ साली ग्रामपंचायतींचे नियमन लागू झाले आणि गावकारभारात मतदानाने निवडलेला पंच आला. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीस अनुसरून पुढे गोवा पंचायत राज अधिनियम, १९९४ अस्तित्वात आला. राज्यात ग्रामपंचायत व जिल्हा पंचायत असे दोनच स्तर आहेत. तालुका पातळीवरील मधला स्तर येथे नाही. म्हणून ग्रामस्थाला सर्वांत जवळचा लोकप्रतिनिधी म्हणजे त्याच्या प्रभागाचा पंच होय.

परंतु पंचाच्या अधिकाराविषयी अनेकदा गैरसमज आढळतो. एकटा पंच परवाना देऊ शकत नाही किंवा खर्च मंजूर करू शकत नाही. निर्णय पंचायतीचा असतो व तो सभेत बहुमताने, ठरावाच्या रूपाने घेतला जातो. घराच्या ओसरीवर दिलेले आश्वासन कितीही मनापासूनचे असले, तरी तो पंचायतीचा निर्णय नव्हे.

एक साधे उदाहरण घेऊ. वाड्यावरील गटार गाळाने भरले आहे. मार्च महिन्यात ग्रामस्थ पंचाला भेटतात आणि पंच 'पाहतो' म्हणतात. विषय सभेपुढे आलाच नाही, तर ठराव होत नाही, निधीची तरतूद होत नाही आणि जूनमध्ये पाणी घरात शिरते. तेव्हा ग्रामस्थांनी लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. पंचाने तो विषय कार्यसूचीवर आणावा, इतर सदस्यांना त्याची निकड पटवून द्यावी आणि ठरावाच्या अंमलबजावणीचा पाठपुरावा सचिवांकडे करावा. पंचाचे खरे सामर्थ्य या पाठपुराव्यात आहे.

पंच प्रभागातून निवडला जातो. मात्र त्याचे मत साऱ्या गावावर परिणाम करते. ज्यांनी त्याला मत दिले नाही, त्यांचाही तो प्रतिनिधी असतो. स्वतःच्या वा आप्तांच्या हिताचा विषय आल्यास त्याने चर्चेतून दूर राहावे. घटनेने किमान एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखल्या आहेत. निवडून आलेल्या भगिनीच्या खुर्चीवर तिचा पती बसू शकत नाही.

पंचाची मुदत पाच वर्षांची असते. पण हिशेब विचारण्यासाठी मतदारांनी पाच वर्षे थांबण्याचे कारण नाही. गावचा प्रत्येक मतदार ग्रामसभेचा सदस्य आहे. तेथे उपस्थित राहून प्रश्न विचारणे हा त्याचा हक्क आहे. जागरूक ग्रामसभा हीच चांगल्या पंचाची पाठराखण होय.