स्पोर्ट्स कारचे हट्ट, मालकांचे सोपस्कार

पुणे - रविवारची पहाट. रस्त्यावर दूधवाले आणि फिरायला निघालेले ज्येष्ठ नागरिक सोडले तर फारसे कोणी नाही. एखाद्या सोसायटीच्या तळघरातून अचानक मोठा आवाज घुमतो आणि वरच्या मजल्यांवरच्या दोन-चार खिडक्या उघडतात. स्पोर्ट्स कार सुरू झालेली असते, मात्र ती लगेच सुसाट निघत नाही. मालक टायरमधील हवा पाहतो, काचेवरचा डाग पुसतो आणि मग गोगलगायीच्या गतीने उतारावरून, तीही तिरकी, बाहेर पडतो. ताशी तीनशे किलोमीटर धावू शकणारी मोटार पहिली काही मिनिटे रिक्षापेक्षाही हळू चालते.

शेजाऱ्यांना हा श्रीमंती विक्षिप्तपणा वाटतो. काही अंशी तो असतोही. परंतु या सोपस्कारांपैकी बहुतेकांच्या मागे यंत्रशास्त्राचे साधे कारण आहे. ही मोटार ज्या परिस्थितीसाठी घडवलेली असते, ती परिस्थिती आपल्या शहरात नसते. ही तफावत भरून काढण्याचे काम मालकाच्या सवयींना करावे लागते.

पुण्याचे जुने वेड

पुण्याला हे वेड नवे नाही. 'सीरम इन्स्टिट्यूट'चे संस्थापक डॉ. सायरस पूनावाला यांनी विशीत असताना शाळेतील मित्राच्या साथीने जग्वारच्या 'डी-टाइप' या शर्यतीच्या मोटारीवर बेतलेली एक मोटार बनवली होती. खर्च आला होता सुमारे १२० डॉलर. मूळ 'डी-टाइप'ने १९५५ ते १९५७ अशी सलग तीन वर्षे फ्रान्समधील 'ल मान्स'ची २४ तासांची शर्यत जिंकली होती. अशा मोटारींचे उत्पादन करायचे तर प्रचंड भांडवल लागेल, हे लक्षात आल्यावर पूनावाला यांनी तो नाद सोडला आणि १९६६ मध्ये 'सीरम'ची स्थापना झाली.

पुढे देशी स्पोर्ट्स कारचे मोजके प्रयत्न झाले. गोव्यात 'सॅन स्टॉर्म' ही फायबर बॉडीची दोन आसनी मोटार तयार झाली. दिलीप छाब्रिया यांच्या 'डीसी' कंपनीने २०१२ च्या दिल्लीतील वाहन प्रदर्शनात 'अवंती' ही मोटार मांडली. यांपैकी कोणतीही मोटार मोठ्या संख्येने रस्त्यावर आली नाही. त्यामुळे आज पुण्याच्या रस्त्यांवर दिसणाऱ्या स्पोर्ट्स कार बहुतांशी परदेशी बनावटीच्या आहेत, आणि त्यांचे हट्टही परदेशी रस्त्यांवर जन्मलेले आहेत.

आधी तेल, मग वेग

पहिला हट्ट वंगण तेलाचा. थंड तेल घट्ट असते. इंजिनाच्या प्रत्येक कोपऱ्यात ते जलद पोचत नाही. तेल पुरेसे तापण्याआधी इंजिन जोरात फिरवले, तर आतील भाग एकमेकांवर घासून झिजतात. पाण्याचा काटा लवकर वर येतो, तेल मात्र सावकाश तापते. म्हणून जाणकार मालक पाण्याच्या काट्यावर विसंबत नाही, तेलाच्या तापमानावर लक्ष ठेवतो. मोटार जागेवरच दहा मिनिटे चालू ठेवावी, हा मात्र जुना समज आहे. सुरुवातीचे काही किलोमीटर सौम्यपणे चालवणे अधिक चांगले आणि शेजाऱ्यांनाही सुखाचे.

सुरू होताना होणाऱ्या मोठ्या आवाजालाही कारण आहे. धूर शुद्ध करणारे उत्प्रेरक यंत्र गरम झाल्याशिवाय काम करत नाही. ते लवकर तापावे म्हणून संगणक सुरुवातीला इंजिन मुद्दाम अधिक वेगाने फिरवतो. तो गडगडाट साधारण एखाद्या मिनिटात ओसरतो. त्यानंतरही चौकाचौकांत आवाज काढला जात असेल, तर ती यंत्राची गरज नसून मालकाची हौस असते.

गतिरोधकाशी सामना

दुसरा हट्ट उंचीचा. साध्या हॅचबॅक मोटारीचा तळ जमिनीपासून १६० ते १७० मिलिमीटर उंच असतो. अनेक स्पोर्ट्स कारमध्ये हे अंतर सव्वाशे मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी असते. मोटार जितकी जमिनीलगत, तितका तिचा गुरुत्वमध्य खाली आणि वळणावर ती तितकी स्थिर.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गोलाकार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, ताशी २५ किलोमीटर वेगाने तो ओलांडता यावा. असा गतिरोधक स्पोर्ट्स कारही पार करू शकते. अडचण येते ती रातोरात उगवलेल्या, अरुंद आणि उभ्या चढाच्या उंचवट्यांची. त्यावर मोटारीचे पोट टेकते. म्हणून मालक मोटार तिरकी घालतो. एका वेळी एकच चाक वर चढते आणि तळ वाचतो. काही मोटारींत कळ दाबून पुढचा भाग साधारण ४० मिलिमीटर उचलण्याची सोय असते. नव्या रस्त्याने जायचे तर मालक आदल्या दिवशी दुचाकीवरून पाहणी करून येतो, हे ऐकून हसू येईल. पण पुढच्या बाजूचा कार्बन फायबरचा तुकडा तुटला, तर दुरुस्तीच्या खर्चात एखादी साधी मोटार येऊ शकते.

शहरातील खोळंबा ही आणखी एक परीक्षा. दोन क्लचच्या स्वयंचलित गिअरबॉक्समध्ये मोटार इंच-इंच सरकवत राहिले, की क्लच अर्धवट घासत तापतो. त्यामुळे पुढच्या वाहनापासून अंतर राखायचे आणि ते वाढल्यावर एकदाच पुढे जायचे, असा नियम मालक पाळू पाहतो. पुण्यात त्या अंतरात तत्काळ तीन दुचाकी शिरतात, हा भाग वेगळा.

पेट्रोल, टायर आणि उंदीर

ऑक्टेन हा आकडा पेट्रोल दाबाखाली आपोआप पेट घेण्यास किती विरोध करते ते सांगतो. शक्तिशाली इंजिनात दाब जास्त असतो. कमी ऑक्टेनचे पेट्रोल तेथे आपोआप पेटू शकते आणि इंजिन 'नॉक' होते. आधुनिक संगणक ते ओळखून ठिणगीची वेळ मागे नेतो, म्हणजे इंजिन वाचते पण ताकद घटते. एके काळी चांगल्या पेट्रोलसाठी ठरावीक पंप गाठणे हा मालकांचा नेम होता. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये १०० ऑक्टेनचे पेट्रोल पहिल्या टप्प्यात ज्या दहा शहरांत आणले, त्यांत पुणे होते. ज्या मोटारीच्या पुस्तिकेत एवढ्या ऑक्टेनची शिफारस नाही, तिला मात्र त्याचा विशेष लाभ होत नाही.

या मोटारी धावण्यापेक्षा उभ्याच अधिक असतात. आणि उभ्या मोटारीचेही आजार असतात. चोरीविरोधी यंत्रणा आणि संगणक सतत थोडी वीज घेत राहतात. त्यामुळे बॅटरी उतरते. म्हणून गॅरेजमध्ये तिला कायम चार्जर जोडलेला. टायर एकाच जागी भार घेऊन सपाट होतात, म्हणून अधूनमधून मोटार थोडी पुढे-मागे सरकवायची. टायरवरील चार आकडे वाचणे ही तर सर्वांत उपयोगी सवय. '२३१९' म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. नक्षी नव्यासारखी दिसली तरी रबर वयाने कडक होते आणि पावसात पकड सोडते. ही तपासणी साध्या मोटारीच्या मालकानेही करावी अशीच आहे. पावसाळ्यात उंदीर वायरी कुरतडतात, तेव्हा कोट्यवधींची मोटारही पन्नास रुपयांच्या पिंजऱ्यावर अवलंबून असते.

धुण्याचा विधी आणखी काटेकोर. एका बादलीत साबण, दुसऱ्यात स्वच्छ पाणी. फडके प्रत्येक वेळी दुसऱ्या बादलीत खळबळून मगच पुन्हा साबणात. कारण फडक्यात अडकलेला धुळीचा कण रंगावर गोल ओरखडे उमटवतो. बोअरवेलचे पाणी वाळले तर क्षारांचे ठिपके राहतात. म्हणून मोटार उन्हात धुवायची नाही आणि वॉचमनने मारलेला प्रेमाचा फडका तर अजिबात नको.

काही सवयींना मात्र यंत्राचे कोणतेच कारण नसते. पोर्शच्या '९११' या मोटारीची किल्ली दरवाजाच्या बाजूला असते. जुन्या ल मान्स शर्यतीत चालक धावत येऊन मोटार सुरू करत. एक हात किल्लीवर, दुसरा गिअरवर, अशी ती सोय होती, असे सांगितले जाते. आज त्याची गरज नाही, पण मालक ती गोष्ट प्रत्येक पाहुण्याला सांगतो. क्रमांकाचेही तसेच. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य सरकारने आकर्षक क्रमांकांचे शुल्क वाढवले. पुणे, मुंबईसारख्या शहरांत चारचाकीसाठी '०००१' हा क्रमांक सहा लाख रुपयांना झाला. त्याने मोटार किंचितही वेगाने धावत नाही.

वेग काढायचा कोठे?

मोटारीची इतकी निगा राखल्यावर ती चालवायची कोठे, हा खरा प्रश्न आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाट भागात मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. अनेक स्पोर्ट्स कार ती तीन-चार सेकंदांत गाठतात. पुण्याजवळ वर्षानुवर्षे शर्यतीचा कायमस्वरूपी ट्रॅक नव्हता. असे ट्रॅक चेन्नई, कोइमतूर आणि ग्रेटर नोएडा येथे आहेत. इंदूरजवळ पीथमपूरला २०२१ मध्ये ११.३ किलोमीटरचा वेगचाचणी मार्ग सुरू झाला. मागील दशकात अॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर पाव मैलाच्या 'व्हॅली रन' शर्यती झाल्या, तेव्हा पुणेकर हौशींना घराजवळ बंदिस्त जागा मिळाली होती. एरवी हौस भागते ती पहाटे लोणावळ्यापर्यंत जाऊन न्याहारी करून येण्यावर.

जे संयम पाळत नाहीत, त्यांच्यासाठी पदार्थविज्ञान बदलत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने मोटार सेकंदाला सुमारे १४ मीटर जाते, ताशी १०० ने २८ मीटर. धोका दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर मोटार तेवढ्यातच ४२ मीटर पुढे आलेली असते. वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. उत्तम ब्रेक आणि रुंद टायर थांबण्याचे अंतर कमी करतात. चालकाचा तो दीड सेकंद मात्र ते कमी करत नाहीत.

१९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये भरधाव पोर्श टायकॅन मोटारीच्या धडकेने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचा, एक युवक आणि एक युवती यांचा, मृत्यू झाला. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवत होता, असे पोलिसांनी सांगितले. मोटारीची कायमची नोंदणीही झालेली नव्हती. विद्युत मोटार असल्याने रस्ता कर माफ होता. परिवहन खात्याच्या माहितीनुसार नोंदणीसाठी भरायचे राहिले होते अवघे १,७५८ रुपये.

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये घातलेल्या कलम '१९९ अ'नुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक अथवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. वाहनाची नोंदणी वर्षभर रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. म्हणजे किल्ली कोणाच्या हाती द्यायची, हा कौटुंबिक लाडाचा विषय उरत नाही.

टायरवरचे आकडे वाचणारा, तेल तापेपर्यंत थांबणारा आणि गतिरोधकावर वेग जवळजवळ शून्यावर आणणारा मालक मुळात शिस्तीचा असतो. ती शिस्त तो मोटारीचा तळ वाचवण्यासाठी पाळतो. तीच शिस्त त्याने मध्यरात्रीच्या मोकळ्या रस्त्यावर, समोरून येणाऱ्या दुचाकीस्वारासाठीही पाळली, तर त्याच्या बाकीच्या सोपस्कारांना हसण्याचे शेजाऱ्यांना कारण राहणार नाही.