शर्यत वाऱ्याशी, लढत घड्याळाशी

वरणगावातून भुसावळकडे सायकल हाणताना समोरून वारा आला, की आपण आपसूक ट्रॅक्टरच्या आडोशाला जातो. टाइम ट्रायल या सायकल शर्यतीत नेमकी हीच पळवाट बंद. खेळाडू ठरावीक अंतराने एकेकटे सुटतात. दुसऱ्याच्या मागे लपायला मनाई. लढत फक्त घड्याळाशी.

वरणगावातून जाणारा हा महामार्ग उलट दिशेला नागपूर ओलांडून भंडाऱ्याला पोचतो. तिथल्या ज्योती गडेरिया यांनी अपघातात पाय गमावला, तरी २०२४च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये त्या १४.१ किलोमीटरच्या टाइम ट्रायलला उतरल्या.

या शर्यतीचं गणित कठोर आहे. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्यावर मात करायला ताकद आठपट लागते. म्हणून पाठ वाकवून, कोपरं जवळ घेऊन अंग चोरायचं. दोन पाय असतील, तर एकाने पेडल दाबताना दुसरं आपोआप वर येतं. एकाच पायाचा जोर असेल, तर त्यालाच दाबावं आणि ओढावंही लागतं.

मग वेगवेगळ्या अपंगत्वाच्या खेळाडूंची तुलना न्याय्य कशी? पॅरासायकलिंगमध्ये दुचाकी सायकलीचे सी-१ ते सी-५ असे वर्ग असतात. सी-१मध्ये शारीरिक मर्यादा सर्वाधिक. वर्ग एकत्र धावले, की वेळेला ठरलेल्या गुणांकाने गुणतात. त्यामुळे प्रत्यक्षात सर्वांत कमी वेळ घेणाराच जिंकेल, असं नाही!