'कॅश ऑन डिमांड' : तिजोरीपलीकडचा हिशेब

बँकेत ३५ वर्षे काढलेल्या माणसाला दरोड्याचे चित्रपट सहसा रुचत नाहीत. त्यांतील तिजोऱ्या फार सहज उघडतात आणि कर्मचारी केवळ हात वर करण्यापुरते असतात. मुलाने आणून दिलेल्या डीव्हीडी-संचातील 'कॅश ऑन डिमांड' मात्र मी लागोपाठ दोनदा पाहिला.

इंग्लंडच्या हॅमर फिल्म्सने १९६१ मध्ये हा कृष्णधवल चित्रपट तयार केला. ही संस्था ड्रॅक्युला, फ्रँकेन्स्टाइन यांच्या भयपटांसाठी प्रसिद्ध. त्या गाजावाजात हा साधा, अल्पखर्ची थरारपट झाकोळला गेला. खुद्द ब्रिटनमध्ये तो १९६३ च्या अखेरीस पडद्यावर आला. २०१० मध्ये हॅमरच्या सहा रहस्यपटांच्या संचात त्याची डीव्हीडी निघाली. जॅक गिलीज यांच्या दूरचित्रवाणी-नाटकावर आधारलेल्या या कथेचे दिग्दर्शन क्वेंटिन लॉरेन्स यांनी केले आहे.

नाताळ दोन दिवसांवर आलेला. लहानशा गावातील बँकेचा व्यवस्थापक फोर्डाइस (पीटर कुशिंग) हिशेबात चोख, पण स्वभावाने कोरडा. हाताखालच्यांचे हसणेही त्याला खपत नाही. त्याच सकाळी एका किरकोळ चुकीवरून तो मुख्य कारकून पिअर्सन (रिचर्ड व्हर्नन) याच्या प्रामाणिकपणावर शंका घेतो आणि त्याला नोकरीवरून काढण्याची धमकी देतो. थोड्याच वेळात कर्नल गोर हेपबर्न (आंद्रे मोरेल) विमा कंपनीचा तपासनीस म्हणून दाखल होतो. दार बंद होते, दूरध्वनी वाजतो आणि फोर्डाइसला पत्नीचा आक्रोश ऐकू येतो. तिचा व मुलाचा जीव वाचवायचा, तर तिजोरीतील पैसे त्याने स्वतःच्या हाताने काढून द्यायचे!

चित्रपटात पाठलाग नाही, रक्तपात नाही. कॅमेरा जवळजवळ सारा वेळ बँकेतच असतो आणि कथेतील काळ भिंतीवरील घड्याळाबरोबर पुढे सरकतो. भीती निर्माण होते ती रोजच्याच गोष्टींतून : किल्ल्या, बॅगा, दारावरची टकटक. दरोडेखोर अत्यंत सुसंस्कृत आहे. तू सहकाऱ्यांशी माणसासारखा वागत नाहीस, हे सत्य साहेबाला सांगतो तोही चोरच! पुढे अशी वेळ येते की, सकाळी ज्याची मान खाली घालायला लावली, त्या पिअर्सनपुढेच फोर्डाइसला हात जोडावे लागतात. खरा थरार येथे आहे. शेवट मी सांगणार नाही.

त्या प्रसंगाने मला माझा एक दिवस आठवला. शाखेत सायंकाळी रोकड मोजताना शंभर रुपये कमी भरले. रोखपालाने ते निमूटपणे स्वतःच्या खिशातून भरले. तरीही मी सर्वांदेखत त्याला नको ते बोललो आणि खुलासा मागणारे पत्र हाती दिले. दुसऱ्या दिवशी एका व्यापाऱ्याने चुकून जादा गेलेली नोट परत आणून दिली. मी पत्र मागे घेतले. पण "माझे चुकले" हे दोन शब्द काही बोललो नाही. रोकड जुळली, एवढ्यावरच समाधान मानले. तो गृहस्थ पुढेही तितक्याच निष्ठेने काम करीत राहिला, ही त्याची थोरवी, माझी नव्हे.

आपल्या पेढ्यांवरही मुनीमजी, दिवाणजी, हमाल अशी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राबतात. रोजमेळ आपण रोज मिळवतो. त्यांच्या मनातली बाकी मात्र कोणत्याही वहीत चढत नाही. ती कळते अडचणीच्या घडीलाच. सुमारे ८० मिनिटांचा हा चित्रपट एखाद्या रविवारी घरातील सर्वांनी, विशेषतः गादीवर नुकत्याच बसू लागलेल्या मुलांनी, अवश्य पाहावा.