जादा खत जाते कुठे?



"युरियाची एक बॅग जास्त पडली म्हणून काय बिघडतं? ऊस तरी काळाभोर दिसतो." हे बोलणे आपल्या प्रत्येक गटात ऐकू येते. पिकाला न लागलेली ती बॅग जाते कुठे, हे मात्र कोणी विचारत नाही. स्पेन देशातील एका भागात ती कुठे गेली आणि पुढे काय झाले, याची हकीकत येथे देत आहोत.

समुद्रकिनाऱ्याला वाळूचा लांब दांडा पडला, की आतल्या बाजूला खाऱ्या पाण्याचे उथळ तळे तयार होते. भूगोलाच्या पुस्तकात त्याला खाजण म्हणतात. ओडिशातील चिल्का सरोवर त्यातलेच. स्पेनच्या आग्नेय किनाऱ्यावर मुर्सिया प्रांतात असेच एक खाजण आहे. नाव मार मेनोर, म्हणजे छोटा समुद्र. विस्तार सुमारे १३५ चौरस किलोमीटर, खोली जास्तीत जास्त सात मीटर. मोठ्या समुद्राशी संबंध चिंचोळ्या वाटांनीच. त्यामुळे आत आलेले लवकर बाहेर जात नाही. पाणी मात्र पूर्वी इतके नितळ, की तळ दिसायचा.

या खाजणाच्या वरच्या अंगाचे रान कमी पावसाचे. १९७९ साली ताहो नदीचे पाणी सुमारे ३०० किलोमीटरच्या कालव्याने या भागाकडे आले आणि रानाचे सोने झाले. कोबी, ब्रोकोली, खरबूज, लिंबू-संत्री असा माल साऱ्या युरोपात जाऊ लागला. शेतकरी कष्टाळू, बहुतेकांकडे ठिबक. पण वर्षाला दोन-तीन पिके आणि प्रत्येक पिकाला खताचा डोस. खाऱ्या विहिरींचे पाणी गोडे करणारी यंत्रे शेतात बसली, त्यांतून उरलेले क्षार आणि नत्राचे पाणी ओढ्याला सोडले गेले. किनाऱ्यावरच्या गावांचे सांडपाणीही त्यात मिळाले.

आता यातले शास्त्र पाहू. युरिया जमिनीत पडला, की काही दिवसांत त्याचे नायट्रेट होते. नायट्रेटला माती धरून ठेवत नाही. पाणी खाली गेले, की तेही खाली जाते. तेथून विहीर, ओढा, नदी. स्फुरद मातीला चिकटतो, पण माती वाहून गेली की तोही जातो. साचलेल्या पाण्यात ही खते पोचली, की तिथेही पीक येते. ते पीक शेवाळाचे! पाणी हिरवे होते, ऊन तळापर्यंत पोचत नाही, तळाचे गवत मरते. मेलेले गवत आणि शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. मग मासळी गुदमरते.

मार मेनोरमध्ये हे एका वर्षात झाले नाही. बरीच वर्षे तळ्याने सगळे पोटात घेतले, पाणी वरून स्वच्छच दिसत राहिले. म्हणून कोणाला काही वाटले नाही. २०१६ साली पाणी एकदम हिरवेगार झाले आणि तळाची सुमारे ८५ टक्के वनस्पती गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये मोठा पूर आला, त्याबरोबर माती आणि खतही आले. ऑक्टोबरमध्ये मासे श्वासासाठी काठावर येऊन तडफडले, टनावारी मेले. ऑगस्ट २०२१ मध्ये पुन्हा तेच घडले. मासेमारीवर आणि पर्यटनावर पोट असणाऱ्यांचे हाल झाले.

लोक रस्त्यावर आले. सहा लाखांहून अधिक सह्या जमल्या आणि २०२२ साली स्पेनच्या संसदेने या खाजणाला कायदेशीर व्यक्तीचा दर्जा दिला. आपला कारखाना जसा कायद्याच्या दृष्टीने एक व्यक्ती आहे, दावा लावू शकतो, तसेच हे तळे. त्याच्या वतीने कोणताही नागरिक कोर्टात जाऊ शकतो. शेतीवर बंधने आली. परवानगीशिवाय भिजणाऱ्या हजारो हेक्टरचे पाणी तोडण्याची कारवाई सुरू झाली. चूक एकट्या कोणाचीच नव्हती, थोडी थोडी सगळ्यांची होती. पण वेळेवर हात आवरला नाही आणि शेवटी बाहेरच्यांनी हात धरला.

"आपल्याकडे कुठं आलाय समुद्र?" असे कोणी म्हणेल. समुद्र नसेल, पण उजनीच्या पाण्यावरची हिरवी साय आणि पंचगंगेतली जलपर्णी आपण पाहतोच. त्यात गावांचे आणि कारखान्यांचे सांडपाणी आहे, तसे आपल्या सरीतले खतही आहे. शिवाय पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट असले, तर ते तान्ह्या मुलांना घातक ठरते. विहीर आपलीच आहे.

आणि पैशाचा हिशोब वेगळाच. ४५ किलोच्या युरियाच्या बॅगेत सुमारे २१ किलो नत्र असते. ते ओढ्याला गेले तर बॅगही गेली आणि टाकणाऱ्याची मजुरीही गेली. म्हणून इतके करावे :

१. माती तपासून खताची मात्रा ठरवावी. शेजाऱ्याच्या फडाकडे बघून नव्हे.

२. सुरू उसाला हेक्टरी २५० किलो नत्राची शिफारस आहे. ते एकदम न देता लागणीपासून मोठ्या बांधणीपर्यंत चार हप्त्यांत द्यावे.

३. खत फेकून न टाकता मातीआड करावे. खत दिल्यावर सरी तुडुंब भरू नये. जोराचा पाऊस दिसत असेल तर खत थांबवावे.

४. ठिबक असले तरी निर्धास्त राहू नये. मार मेनोरच्या रानातही ठिबक होतेच.

५. पाचट जाळू नये, कुजवावे. ओढ्याच्या काठाला गवताचा पट्टा राखावा, म्हणजे माती आणि स्फुरद अडतो.

माती परीक्षणासाठी आपल्या गटाच्या शेतकी ओव्हरसियरला भेटावे. ऊस आपला, पाणी मात्र खालच्या गावाचेही आहे, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.