नीटचा ड्रॉप घ्यायचाय? 'नाही' म्हणू शकेल अशा माणसाला आधी विचारा

नीटचा निकाल लागला की लातूरच्या ट्यूशन एरियात आणि नांदेडच्या श्यामनगर, भाग्यनगर भागात एकच विषय असतो: आणखी एक वर्ष द्यायचं का? रिपीटर बॅचचे प्रवेशही त्याच दिवसांत सुरू होतात. परभणी, हिंगोली, बीड, धाराशिवकडून आलेले पालक पाच-सहा जणांना विचारतात. बहुतेकांचं उत्तर एकच असतं: "थोडक्यात हुकलंय, पुढच्या वर्षी नक्की होईल."

हे उत्तर खरंही ठरू शकतं. पण ते देणाऱ्याला 'नाही' म्हणणं कितपत शक्य होतं, हे आधी बघायला हवं.

सगळे 'हो' का म्हणतात?

क्लासच्या काउंटरवर बसलेल्या माणसाचं कामच प्रवेश देणं असतं. मामा-काकांना पोराचं मन मोडायचं नसतं आणि उद्या "तुमच्यामुळे राहिलं" हा बोलही नको असतो. मित्र स्वतः ड्रॉप घेत असेल, तर त्याला सोबत हवी असते. यातलं कुणी खोटं बोलतंच असं नाही, पण 'नाही' म्हणणं प्रत्येकाला जड जातं.

विचारण्याची पद्धतही आड येते. "ड्रॉप घेतोय, बरोबर ना?" असं विचारलं की समोरच्याकडे मान डोलावण्याशिवाय पर्याय राहत नाही. हा सल्ला मागणं नव्हे, संमती मागणं झालं.

आकडे काय सांगतात?

२०२४ मध्ये २३ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांनी नीट दिली आणि १३ लाखांहून अधिक पात्र ठरले. एमबीबीएसच्या जागा मात्र देशभरात १ लाखाच्या थोड्या वर होत्या, त्यातल्या सरकारी साधारण निम्म्या. 'पात्र' होणं आणि जागा मिळणं यात एवढं अंतर आहे. "पोरगं क्वालिफाय झालं होतं, म्हणजे जवळ आलंय" हा हिशोब म्हणूनच फसवा ठरू शकतो.

त्यात होर्डिंगवर फोटो लागतात ते जागा मिळालेल्यांचे. दोन ड्रॉप घेऊनही जागा न मिळालेला मुलगा कुठल्याच चौकात दिसत नाही.

नांदेडचंच एक उदाहरण

नांदेडच्या पीपल्स कॉलेजात शिकवणारे विचारवंत नरहर कुरुंदकर (१९३२-१९८२) परखड मतांसाठी ओळखले जात. तरुणपणी ते स्वतः इंटरच्या परीक्षेत वारंवार नापास झाले होते. 'स्वामी' कादंबरीसाठी साहित्य अकादमी पुरस्कार मिळवलेले रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी'ला कुरुंदकरांची प्रस्तावना आहे. ती म्हणजे त्यांनी देसाईंना लिहिलेलं दीर्घ पत्रच. त्यात नुसतं कौतुक नाही. ऐतिहासिक साधनांची चिकित्सा आहे, अवघड प्रश्न आहेत. नावाजलेल्या लेखकाने ते आपल्याच पुस्तकाच्या सुरुवातीला छापलं. प्रश्न विचारणारा माणूस आपल्या कामाच्या विरोधात असतो असं नाही, हे यातून दिसतं.

मग कुणाला विचारावं?

• ड्रॉप घेऊनही जागा न मिळालेल्याला. वर्ष कुठे वाया गेलं, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं.
• अकरावी-बारावीला शिकवलेल्या शिक्षकांना. विद्यार्थ्याचा अभ्यास त्यांनी पाहिलेला असतो आणि रिपीटर बॅचच्या फीशी त्यांचा संबंध नसतो.
• बीएएमएस, फार्मसी, नर्सिंग किंवा बीएस्सी अॅग्रीला गेलेल्याला. दुसरी वाट नेमकी कशी आहे, हे तोच सांगू शकतो.

कसं विचारावं?

फी भरण्याआधी आणि एकेकट्याला गाठून. चारचौघांत, वडिलांसमोर विचारलं तर मोकळं उत्तर मिळत नाही. आपला निर्णय आधी सांगू नये. निकाल आणि सराव परीक्षांचे गुण समोर ठेवावेत. मग दोन प्रश्न विचारावेत: "ड्रॉप घेऊ नये, याची कारणं कोणती?" आणि "डिसेंबरपर्यंत सराव परीक्षेत किती गुण आले नाहीत, तर दुसरा पर्याय धरावा?"

उत्तर न पटलं तरी तिथेच वाद घालू नये. एकदा फटकळ उत्तर मिळालं, की माणूस पुढच्या वेळी गोडच बोलतो.

क्लासलाही थेट विचारता येतं: फोटोतल्या मुलाने नेमका कोणता कोर्स केला होता? वर्षभराचा की फक्त टेस्ट सिरीज? ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ही माहिती जाहिरातीत देणं अपेक्षित आहे. मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाची फी परत मिळावी, असं केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या सूचनांत आहे. तेही प्रवेशाआधीच लेखी विचारून घ्यावं.

विरोधी मत मिळालं म्हणजे ड्रॉप रद्दच करावा असं नाही. त्यातली कारणं तपासावीत. त्या कारणांना उत्तर सापडलं, तर ड्रॉप जरूर घ्यावा. नाही सापडलं, तर ते फी भरण्याआधी कळलेलं बरं.