शिफारसपत्र नको, दाखले हवेत

कोपरगावात बारावीचं मूल डॉक्टर व्हायचं म्हणालं, की घरात ‘कुणाचं पत्र मिळेल का?’ अशी कुजबुज सुरू होते. अमेरिकेत प्राध्यापकांची शिफारसपत्रं खरोखरच अर्जाचा भाग असतात. आपल्याकडे एमबीबीएसला नीटचा गुणानुक्रम चालतो. शेजारच्या लोणीचं प्रवरा अभिमत विद्यापीठ असल्यानं तिथले प्रवेशही केंद्रीय समुपदेशनातूनच होतात. आमदारांच्या चिठ्ठीसाठी खेटे घालू नका.

ते खेटे सेतू केंद्रात घाला. राज्याच्या 85 टक्के कोट्यासाठी वय, अधिवास व राष्ट्रीयत्वाचा दाखला लागतो, दहावी-बारावीची गुणपत्रकं लागतात. राखीव जागेसाठी जातवैधता. मुलं खरी अडतात ती इथे, कारण जात पडताळणी समिती जिल्ह्याला बसते आणि आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी शोधण्यात महिने जातात. म्हणून अकरावी विज्ञानाला असतानाच कॉलेजमार्फत अर्ज करा. ओबीसींना नॉन-क्रीमीलेअरही लागतं, त्याची मुदत 31 मार्चला संपते हे विसरू नका. आणि प्रत्येक कागदावरचं नाव आधी ताडून बघा. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरं, असं फार घरांत असतं.